पिशवीतली माणसं आणि आईची वही

अमेरिकेला लोक शिकायला जातात, कमवायला जातात, लेकीच्या बाळंतपणाला जातात. मी हेरगिरी करायला गेलो. सन एकोणनव्वदचा मे महिना, दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेला सोळा वर्षांचा मी, आणि माझी नेमणूक करणारं खातं म्हणजे आमची आई.

प्रकरण असं होतं. माझा अरुणमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, पाच वर्षांपूर्वी पीएचडीसाठी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी गेला होता. गावाचंच नाव कॉलेज! उद्या कराडचं नाव बदलून 'तालुका शाळा' ठेवावं, तसं. या पाच वर्षांत आईने त्याला बत्तीस मुलींचे फोटो पाठवले आणि त्याने बत्तीसच्या बत्तीस परत केले. तेही पाठीमागे पुठ्ठा लावून, एकही कोपरा न दुमडता.

"मेख त्या पुठ्ठ्यात आहे," आई म्हणाली. "ज्याला नुसतंच लग्न नको असतं तो फोटो हरवतो. इतक्या जपून परत पाठवतो, त्याच्या मनात कुणाचीतरी भीड आहे. घरात आहे कुणीतरी."

आमची आई कराडात लग्नं जुळवायची. म्हणजे जुळवायची थोडी, मोडायची जास्त. स्थळ सांगून आलं की ती मुलाच्या गावी जाऊन आधी शेजारणीशी बोलायची, मग न्हाव्याशी, मग पिठाच्या गिरणीत, आणि सगळ्यात शेवटी मुलाशी. तोपर्यंत मुलाला स्वतःबद्दल ठाऊक नसलेलंही तिला ठाऊक झालेलं असायचं. साता समुद्रापलीकडे मात्र तिचा न्हावी नव्हता. म्हणून मी.

दादांनी, म्हणजे वडिलांनी, चारातला एक ट्रक विकून माझं तिकीट काढलं, असं मी पुढे वीस वर्षं सांगत आलो. ट्रक पाच होते आणि एकही विकला नव्हता. पण तिकीट काढलं हे खरं. निघताना आईने दोनशे पानी वही हातात ठेवली. तिने स्वतः पट्टीने रकाने आखले होते: नाव, आडनाव, गाव, वडील काय करतात, भावंडं, खातात काय, आणि शेवटी शेरा.

"मामाकडे येणारं-जाणारं प्रत्येक माणूस यात उतरव," आई म्हणाली. "बाई असली तर खाली दोन ओळी सोड. भर घालायला लागते."

अपार्टमेंट

विमानाचं मी काही सांगत नाही. विमानात काही होत नाही, नुसतं बसायचं असतं. हवाई सुंदरीने मला वैमानिकाशेजारी बसवून ढग दाखवले हे कराडात सगळ्यांना माहीत आहेच.

मामाचं अपार्टमेंट दोन खोल्यांचं. सोफा रस्त्यावर सापडलेला, टेबल रस्त्यावर सापडलेलं, टीव्ही रस्त्यावर सापडलेला. तिथे मे महिन्यात पोरं परीक्षा देऊन गावी जातात आणि अख्खा संसार फुटपाथवर टाकून जातात. मला वाटलं, मामाचा खोलीतला भिडूही तिथेच सापडला असावा. पण तो नागपूरचा निघाला. गजूदादा. अंगाने कपाटाएवढा, आणि संशयाच्या बाबतीत आमच्या आईचा सख्खा भाऊ शोभेल असा.

"फोनवर जास्त बोलू नको बे," त्याने मला पहिल्याच दिवशी बजावलं. "ऐकतात."

"कोण ऐकतं?"

"तेच तर समजत नाही ना राजा!"

गजूदादाचा दूधवाल्यावर संशय होता, शेजारच्या म्हातारीवर होता, समोरच्या झाडावरच्या खारीवरही होता. ती खार रोज ठरावीक वेळी खिडकीत येऊन आत बघते, असं त्याचं म्हणणं. मी बघितलं तर येत होती हो! एवढी मोठी खार आपल्याकडे मांजर म्हणून खपेल. मी वहीत तिचीही नोंद केली. गाव माहीत नाही, खाते ब्रेड.

तिसऱ्या दिवशी घबाड मिळालं. मामा लॅबमध्ये गेलेला. मी सहज म्हणून, म्हणजे अजिबात सहज नाही, त्याच्या पलंगाखाली हात घातला, तर खाकी कागदी पिशव्यांचा गठ्ठा. वाणसामानाच्या दुकानात देतात त्या, शंभर तरी. आणि प्रत्येक पिशवीला कात्रीने दोन गोल भोकं पाडलेली. मी एक डोक्यात घालून बघितली. भोकं बरोबर डोळ्यांवर आली.

आईचा अंदाज साफ चुकला होता. मामाकडे बाई नव्हती, टोळी होती! तो बँक लुटणार होता.

"गजूदादा, हे काय आहे?"

गजूदादाने पिशवीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, खार नाही याची खात्री केली आणि म्हणाला, "मला काही विचारू नको. मी पोहे करून राहिलो."

हिरवळ

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा तो गठ्ठा काखेत मारून निघाला. मी त्याच्या मागे. कॅम्पसच्या बसमध्ये तो पुढून चढला, मी त्याच्या मागे चार माणसं सोडून. ड्रायव्हर प्रत्येकाला हसून "हाय" म्हणत होता. ज्याला आपण ओळखत नाही तो माणूस आपल्याला बघून हसतो याचा कराडात एकच अर्थ होतो. मी खिसा चाचपला.

मामा उतरला ती जागा म्हणजे युनिव्हर्सिटीची मोठी हिरवळ. आपल्याकडे एवढ्या जागेत तीन गावं, दोन साखर कारखाने आणि एक बाजार समिती बसली असती. तिथे नुसतं गवत. त्या गवतावर उन्हाळी वर्गांसाठी मागे राहिलेली अमेरिकन पोरं-पोरी अर्धी उघडी उन्हात पालथी पडली होती, आपण पापड घालतो तशी. आणि त्यांच्या मधून, अगदी रांगेत, चालत येत होती पिशवीतली माणसं.

साठसत्तर तरी असतील. धड माणसाचं, डोकं वाण्याच्या पिशवीचं. हातात पांढऱ्या चादरीवर रंगवलेली चिनी अक्षरं, खाली इंग्रजीत 'लोकशाही'. पुढचा एक जण ओरडायचा, मागचे उत्तर द्यायचे. पण पिशवीमुळे आवाज असा यायचा, की माठात बसून कुणी आरती म्हणतंय.

मोर्चे मी पाहिले होते. आमच्याकडच्या मोर्चात पहिल्या पाच मिनिटांत घसा बसतो, दहाव्या मिनिटाला एसटीची काच जाते. हे लोक रस्त्याच्या कडेला आले आणि थांबले. का थांबले? तर सिग्नल लाल होता! क्रांती करायला निघालेली माणसं चालायचा दिवा लागेपर्यंत निमूट उभी. रस्त्यावर गाडी औषधालासुद्धा नव्हती. दिवा लागला, मग घोषणा पुढे सुरू. शेवटचा माणूस हातात कचऱ्याची पिशवी घेऊन पडलेले कागद उचलत होता. मी मनात म्हटलं, यांच्या हातून राज्य काही उलथत नाही.

एक गोरा पोरगा डोकं उचलून म्हणाला, "कसली पार्टी आहे?" आणि पुन्हा पालथा झाला.

मामाच्या डोक्यावर मात्र पिशवी नव्हती. तो कडेकडेने पाण्याचे कॅन घेऊन चालत होता. त्याच्याशेजारी जी पिशवी चालत होती तिच्या खालून दोन लांब वेण्या बाहेर आल्या होत्या. तिने काहीतरी सांगितलं आणि मामा हसला. पाच वर्षांच्या सगळ्या पत्रांत मिळून तो हसला नसेल एवढा हसला.

मी झाडाआडून वही काढली, 'बाई' असं लिहिलं आणि दोन ओळी सोडल्या.

"विज्या!" मामाने कधी बघितलं कुणास ठाऊक. "तू इथे काय करतोयस?"

"फिरायला आलो."

"झाडामागे?"

मग त्याने मला गवतावर बसवून सगळं सांगितलं. ही सगळी चीनहून शिकायला आलेली मुलं. तिकडे बीजिंगच्या मोठ्या चौकात त्यांच्याच वयाची पोरं महिनाभर ठाण मांडून, काही तर अन्न सोडून बसली होती. त्यांना पाठिंबा म्हणून हे इथे. "आणि पिशव्या?" मी विचारलं.

"कुणीतरी गाडीतून फोटो काढतं, यार. आता कोण, का, कुणाला माहीत नाही. कदाचित कुणी नसेलही. पण यांचे आईबाप तिकडे आहेत. इथे चेहरा दिसला की तिकडे बापाची नोकरी जाते. माझा पासपोर्ट वेगळा, मला काय! म्हणून पिशव्या मी कापतो."

मला पटलं. फोटो वाईट. चेहरा दाखवायचा नाही. एवढं मी पक्कं लक्षात ठेवलं, आणि चूक तिथेच झाली.

वेणूताई

तिला मी वेणूताई म्हणणार आहे. बाकीच्यांनाही मी ठेवलेलीच नावं देणार आहे, ती का ते पुढे येईल.

रविवारी ती मामाकडे जेवण करायला आली. बरोबर दोघं होते. एक उंच, त्याला आपण ताडमाड म्हणू, आणि एक चष्मेवाला, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणारा, त्याला मास्तर म्हणू. पिशवीशिवाय हे लोक भलतेच साधे दिसत होते. वेणूताईने कणकेच्या पुऱ्या लाटल्या, त्यात कोबीचं सारण भरलं आणि कडा अशा काही मुरडल्या, की मी बघतच राहिलो. आमची आई करंजीला मुरड घालते ती ही. मग मात्र तिने त्या तळायच्या सोडून उकळत्या पाण्यात टाकल्या! माझ्या तोंडून 'अरेरे' निघून गेलं.

"काय झालं, धाकट्या?" ती इंग्रजीत म्हणाली. ती मला 'लिटल ब्रदर' म्हणायची, त्याचं मी मराठीत हे केलंय.

मी म्हटलं, "आमच्याकडे असं बुडवत नाहीत." पण चव चांगली होती. मी छत्तीस खाल्ल्या. बरं, एकोणीस.

जेवता जेवता मी आपल्या रीतीप्रमाणे विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

ती थांबली. मामाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तीन वर्षांत मला हे कुणी विचारलेलं नाही," ती म्हणाली. "इथे सगळे म्हणतात, ओ, चायना! की झालं. जसं काही चायना हेच माझं गाव."

आणि मग तिने सांगितलं. गाव केवढं, नदी कुठल्या बाजूला, वडील तिथे स्टेशनमास्तर. मी म्हटलं, आमच्या कराडचं स्टेशन कराडात नाहीच मुळी, ओगलेवाडीत आहे, उतरणारा माणूस फसतो. ती एवढी हसली, की तिच्या बशीतली करंजी खाली पडली. तिच्याही गावाचं स्टेशन गावाबाहेर होतं! तिचे वडील गणवेशाची इस्त्री मोडू नये म्हणून दुपारभर उभेच राहायचे. धाकटा भाऊ बीजिंगला शिकत होता. आता त्या चौकात बसला होता. आईला ते माहीत नव्हतं, वडिलांना होतं.

मग ताडमाडने आपलं गाव सांगितलं. मग मास्तरनेही घसा खाकरून सांगितलं. त्यांच्यात आडनाव आधी आणि नाव मागून, थेट आमच्या शाळेच्या हजेरीसारखं, त्यामुळे वहीत उतरवायला मला फार सोपं गेलं. पुढच्या चार दिवसांत मी हिरवळीवर मोर्चाआधी आणि मोर्चानंतर प्रत्येकाला गाठून हाच प्रश्न विचारला. काही जण मागे सरायचे. ताडमाड त्यांना सांगायचा, "पोरगा आहे. त्यांच्या देशात असंच विचारतात." की सुरू व्हायचे. गावाचं नाव घेताना माणसाचा चेहरा बदलतो, पिशवीच्या आतसुद्धा. चौदा पानं भरली.

गजूदादाने वही बघितली आणि कपाळाला हात लावला. "हे काय करून राहिला बे तू?"

"आईसाठी."

"कोणाची आई?" तो म्हणाला. संशय असा असतो.

आइस्क्रीम

त्या युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या गाई होत्या आणि त्यांच्या दुधाचं आइस्क्रीम तिथेच मिळायचं. एक गोळा मागितला की एवढा द्यायचे, की आपल्याकडे त्यात बारसं उरकावं. बुधवारी दुपारी मी तिथल्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ येऊन बसला. टोपी, स्वच्छ बूट, गळ्यात दुधी भोपळ्याएवढ्या लेन्सचा कॅमेरा. वागायला इतका सभ्य, की आमच्या आईने त्याला दारातच उभा केला असता.

"तू त्या विद्यार्थ्यांबरोबर असतोस, मी पाहिलंय," तो म्हणाला. "मी बाहेरगावच्या वर्तमानपत्राचा. आणखी एक घेणार?"

घेतलं. त्याने चेहऱ्यांबद्दल काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सावध झालो असतो, मामाने सांगितलंच होतं. तो नुसता म्हणाला, "तुला या बिचाऱ्यांबद्दल काय माहीत असणार म्हणा."

आता मला काय माहीत असणार, असं म्हटल्यावर मी गप्प बसेन? मी कराडचा. मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे. हा मोर्चा माझ्याच सल्ल्याने चालतो. त्या वेण्यावालीची तर सगळी कुंडली माझ्याकडे आहे! आणि मी गावाचं नाव सांगितलं. वडील स्टेशनमास्तर आहेत ते सांगितलं, उभे राहतात तेही सांगितलं. भाऊ चौकात बसलाय ते सांगितलं. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला आपण एवढं सांगतोच की! त्यात लपवायचं काय? चेहरा मी दाखवला नव्हता. आडनावही सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलं तेवढ्यात तिसरं आइस्क्रीम वितळून माझ्या विजारीवर पडलं आणि मी ते पुसायला उठलो.

मी घरी येऊन फुशारकीने गजूदादाला सांगितलं, की मी वर्तमानपत्रात येणार.

"फुकट आइस्क्रीम?" तो म्हणाला. "कितीक खाल्लं?"

"तीन."

"अन् त्याने काय काय लिहून घेतलं?"

मी आठवून बघितलं. "काहीच नाही. नुसता ऐकत होता."

"वर्तमानपत्रवाला. अन् लिहून घेतलं नाही." गजूदादा खाली बसला. "काय सांगितलं तू?"

मी सांगितलं. "पण आडनाव नाही सांगितलं!"

जो माणूस खारीवर पाऊण तास बोलू शकायचा त्याने उठून आधी खिडकी लावून घेतली. मग हळूच म्हणाला, "विज्या, तुमच्या कराडात स्टेशनमास्तर कितीक असतात बे?"

एक.

दुसरी भेट

मामाला सांगायचं असं गजूदादा म्हणाला. मी उद्या सांगतो म्हणालो. आणि उद्या मी वही घेऊन त्या बाकावर जाऊन बसलो. बिघडवलेलं काम मला येणाऱ्या एकमेव विद्येने दुरुस्त करायचं ठरवलं होतं. थापा मारायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

तो आला. मी म्हटलं, काल माझी गडबड झाली, वहीत वाचून सांगतो. त्याने वही हातात घेतली, उलटीसुलटी केली. देवनागरीत होती, त्याला ढिम्म कळेना. "तूच वाच," तो म्हणाला.

मी वाचलं! समोर वेणूताईचं पान उघडं, आणि तोंडाने मी म्हणतोय, वेण्यावालीचा बाप आचारी आहे, हाँगकाँगला असतो, स्टेशनमास्तर तर तिसऱ्याच एका मुलाचा बाप, तो पोरगा मोर्चात नव्हताच, त्याला गोवर आला होता. ताडमाडच्या नावावर मी आमच्या दूध डेअरीच्या चेअरमनची भावंडं घातली. मास्तरला अनाथ केलं. गावांची नावं म्हणून मसूर, उंब्रज, ओगलेवाडी अशी काही चिनी चालीत म्हटली, की मलाच ती चीनमध्ये असल्यासारखी वाटायला लागली. आयुष्यात इतक्या सुंदर थापा मी पुन्हा मारल्या नाहीत.

आणि या वेळी त्याने खिशातून छोटी डायरी काढून सगळं लिहून घेतलं. शब्दन् शब्द. शेवटी हसून आभार मानले. त्या दिवशी आइस्क्रीम विचारलं नाही.

मी उड्या मारत घरी आलो. गजूदादाला म्हटलं, "फसला! सगळं लिहून घेतलं!"

गजूदादा पोह्यांत चमचा फिरवत राहिला. "खोटं लिहून घेतलं," तो म्हणाला. "खरं लिहून घेतलं नाही. काऊन? ते त्याला पाठ झालं होतं म्हणून?"

हा नागपूरकर माणसाला सुखाने जगू देत नाही. पण तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. कदाचित तो साधा वार्ताहर असेल, आळशी. कदाचित त्याने दोन्ही फेकून दिलं असेल. आजही मला कुणी सभ्यपणे काही विचारलं की मी त्याचे बूट बघतो.

शनिवार

शनिवारी दुपारी रस्त्यावर सापडलेल्या त्या टीव्हीसमोर आम्ही अकरा जण बसलो होतो. चित्र सारखं वरखाली व्हायचं, ताडमाड त्याला थापट्या मारायचा. मग त्याने थापट्या मारायचं सोडलं. त्या चौकाजवळच्या रस्त्यांवर रणगाडे आणि गोळ्या. सायकलवरून माणसांना घेऊन पळणारी माणसं. त्यावर मी काही लिहीत नाही. जगाने ते पाहिलंय, आणि यात फुगवून सांगण्यासारखं काही नाही.

वेणूताई फोनपाशी बसली होती. भावाच्या वसतिगृहाचा नंबर लागेना. घराचा लागेना. मामा तिच्या हातातून फोन घेऊन पुन्हा फिरवायचा, पुन्हा द्यायचा. दोनदा, वीसदा. "फोनवर जास्त बोलू नको" असं गजूदादा त्या दिवशी कुणालाही म्हणाला नाही. त्याने सगळ्यांसाठी पोहे केले आणि कुणी खाल्ले नाहीत म्हणून रागावलाही नाही.

दुसऱ्या दिवशीचा मोर्चा त्या गवतावरून गेला तेव्हा एकही घोषणा नव्हती. पालथी पडलेली पोरं उठून उभी राहिली. पुष्कळांच्या डोक्यावर पिशव्या नव्हत्या. ताडमाडने आपली घडी करून खिशात ठेवली होती. मास्तरने फाडून टाकली आणि स्वतःच तुकडे उचलले. सिग्नलला मात्र सगळे थांबले. मला त्याचं या वेळी हसू आलं नाही.

वेणूताईने पिशवी काढली नाही. दोन्ही वेण्यासुद्धा आत कोंबल्या होत्या.

मोर्चा संपल्यावर ती माझ्याकडे आली. "धाकट्या, तुझी वही दे."

मी दिली. तिने मला तिचं पान काढायला लावलं. तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण तिने त्यांच्यावरून बोट फिरवलं. "यात माझे वडील कुठे आहेत?" मी दाखवले. तिने ते पान फाडलं. मग बाकीची तेरा. घडी घालून पिशवीच्या आत, कपाळाशी खोचली.

"ही कुणाला दाखवलीस?"

मामा चार पावलांवर उभा होता. गजूदादा दुसरीकडे बघत होता.

"नाही," मी म्हटलं.

दाखवली नव्हतीच. माणसाने उलटीसुलटी केली होती, त्याला काही कळलं नव्हतं. वाचून दाखवली ती सगळी खोटी होती. एकेक शब्द धरून बघितलं तर माझं उत्तर खरं होतं. आयुष्यात मी शेकडो थापा मारल्या, पण हे एवढं अचूक खरं उत्तर मला फार महागात पडलं.

भोकांतून तिचे डोळे माझ्याकडे बघत होते. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू माझं गाव विचारलंस," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही."

कराड

परत आलो तेव्हा माझा निकाल लागून गेला होता. त्रेसष्ट टक्के, जे मी पुढे बहात्तर केले. आईने दारातच वही मागितली. फाटलेल्या पानांच्या कडांवरून तिने अंगठा फिरवला.

"कुणी फाडली?"

"एका बाईने."

"मामाच्या?"

मी बूट काढायला खाली वाकलो. आईने मामासाठी जमवलेले बाकीचे फोटो कपाटातून काढले आणि ज्यांचे त्यांना पोचते केले. एकही कोपरा न दुमडता.

गावात मी अमेरिकेच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. मांजराएवढी खार, रस्त्यावर सापडलेला टीव्ही, वैमानिकाशेजारची जागा. लोकांनी एकही खरी मानली नाही आणि सगळ्या पुन्हा पुन्हा सांगायला लावल्या. बाकाची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आज पहिल्यांदा लिहितोय, आणि म्हणून यात त्या लोकांची नावं नाहीत, गावं नाहीत. विचारू नका. आईने विचारलं तरी सांगितली नाहीत.

दिवाळीच्या आधी मामाचं पत्र आलं. आईला वाचायला चष्मा सापडेना म्हणून मी वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी जसंच्या तसं वाचलं. वेणूताईचा भाऊ घरी पोचला होता. तीन आठवडे कुठे होता ते सांगत नाही, पण अंगाला धक्का नाही. आई देवापुढे साखर ठेवायला उठली. मी पुढची ओळ वाचली. तिच्या वडिलांची मात्र अचानक बदली झाली. दिवसाला दोन गाड्या थांबतात अशा कुठल्याशा आडरानातल्या स्टेशनावर. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. का, ते घरचे कळवत नाहीत.

आई साखरेची वाटी हातात धरून उभी राहिली.

"सरकारी नोकरी," ती म्हणाली. "बदल्या व्हायच्याच."

आमच्या आईने जन्मात पहिल्यांदाच कशावर संशय घेतला नव्हता. मी पत्राची घडी घातली.

"व्हायच्याच," मी म्हटलं.